सत्तर किलोच्या आतला जावई

मी महाडच्या एका शाळेत उभी हयात पी.टी. शिकवली. तरी या भागात मला पी.टी.चा मास्तर म्हणून कोणी ओळखत नाही. बाजारात, एस.टी. स्टँडवर, कोणाच्या लग्नात, कुठंही गेलो तरी माणसं माझ्याकडे बघून आधी पोट आत घेतात आणि मग नमस्कार करतात. कारण शाळेच्या जोडीला मी कबड्डीचा पंच होतो, आणि पंचांतही वजन घेणारा पंच. मला सगळे 'काटेवाले सर' म्हणतात. माझ्या धाकट्या मेव्हण्याच्या साखरपुड्यात नवरीच्या काकांनी मला बघून पायातल्या चपला काढल्या होत्या, आणि ते काही आदरानं नव्हतं. काट्यावर चढायची सवय.

ज्यांना कबड्डी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्याकडे सामने दोन प्रकारचे होतात. एक खुला गट, त्यात हत्ती आला तरी चालतो. दुसरा वजनी गट. पत्रिकेवरच छापलेलं असतं, 'साठ किलो', 'सत्तर किलो'. त्याच्या वर एक ग्रॅम गेला की खेळाडू बाद. सकाळी मैदानाच्या कडेला एका सतरंजीवर काटा मांडायचा, खेळाडूनं चड्डीवर यायचं, काट्यावर उभं राहायचं, आकडा स्थिर होईपर्यंत श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. आकडा मी मोठ्यानं वाचतो. एवढंच माझं काम. पण या एवढ्याशा कामापायी मला शिव्या, शाप, नारळ आणि एकदा जिवंत कोंबडाही मिळालेला आहे. कोंबडा मी परत केला. शिव्या परत करायची सोय नव्हती.

काट्यासाठी माणसं काय काय करतात ते मी पाहिलंय. भुवया भादरून आलेला एक जण पाहिला. एकानं तोंडातली कवळी काढून ठेवली होती, पण ती शंभर ग्रॅमही भरली नसेल. खेडकडचा एक संघ दर वर्षी दोन-तीन खेळाडू वजनात गमवायचा. एका वर्षी त्यांचा टेम्पो कशेडीच्या चढावर बंद पडला. मे महिन्याचं ऊन, सगळ्यांनी तो ढकलत वर आणला आणि पोलादपुरात येऊन एकजात सगळे वजनात बसले! पुढच्या वर्षी त्यांच्या मॅनेजरनं चढ लागताच ड्रायव्हरला स्वतःहून इंजिन बंद करायला लावलं. आता तिथं बोगदा झालाय. गाड्या भुर्रकन निघून येतात आणि त्या संघाला पुन्हा वजनाची अडचण सुरू झाली आहे.

पण हे सगळे जुने उपाय. अलीकडे सगळ्यांचा एकच उपाय असतो, 'भात बंद'.

आमच्या भागात भात बंद म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडे सकाळी तांदळाची भाकरी, दुपारी भात, रात्री भात, आजारी पडलं की पेज, सण आला की घावणे. भात बंद म्हणजे माणूस जवळपास बंदच. मुंबईला कामाला गेलेली पोरं हे शिकून आली. तिकडे त्याला 'लो कार्ब' म्हणतात. भात, भाकरी, चपाती, साखर, बटाटा सगळं सोडायचं; अंडी, मासे, चिकन, काकडी खायची. वजन खरंच भराभरा उतरतं. पहिल्या आठवड्यातच पोरं आरशासमोरून हलत नाहीत.

त्यातली मेख मला एका डॉक्टरांनी समजावून दिली होती. आपण भात खातो तेव्हा शरीर त्यातला थोडा साठा करून ठेवतं, आणि तो साठा पाण्यात भिजवून ठेवतं. भात सोडला की साठा संपतो, पाणी निघून जातं, काटा खाली येतो. चरबी नंतर सावकाश उतरते. मधेच एक दिवस पोटभर भात किंवा गोडधोड खाल्लं, की शरीर पुन्हा साठा भरून घेतं आणि पाणी धरून बसतं. माणूस झोपतो एका वजनाचा आणि उठतो दुसऱ्याच. ते काही खरं जाडेपण नसतं, पुन्हा चार दिवस पाळलं की जातं. पण माझ्या काट्याला पाणी आणि चरबी यांतला फरक कळत नाही, आणि स्पर्धेत मधे चार दिवस नसतात.

म्हणून दोन दिवसांची स्पर्धा असली की मी दोन्ही दिवशी सकाळी वजन घेत असे. हा नियम माझाच, आणि याच नियमानं दिनेशचा घात केला.

दिनेश हा आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीतला. विक्रोळीला गोदामात सुपरवायझर. चढाई अशी करायचा की समोरचे सात जण नुसते एकमेकांकडे बघत राहायचे. मात्र गोदामातल्या खुर्चीनं आणि चाळिशीनं त्याला चांगलंच फुगवलं होतं. तुडीलच्या पुढं सावित्रीकाठी एक गाव आहे (नाव सांगत नाही, कारण ज्यांच्याविषयी सांगणार आहे त्या अजून खमक्या आहेत), तिथं पस्तिशीपुढच्यांची सत्तर किलो वजनी गटाची स्पर्धा ठेवली होती. ती खेळण्यासाठी दिनेशनं दोन महिने भाताचं तोंड पाहिलं नव्हतं. त्याच्या वाडीला कधी चषक मिळाला नव्हता. आणि दुसरी गोष्ट अशी, की ते गाव त्याची सासरवाडी होती.

सासरवाडी म्हणायची ती नावापुरती. त्यानं आणि मनीषानं मुंबईत परस्पर लग्न केलं होतं. मनीषाच्या आईनं, वत्सलावहिनींनी, मुलीला वर्षभरात माफ केलं, जावयाला नाही. सात वर्षं झाली होती. मनीषा माहेरी यायची तेव्हा दिनेश तिला फाट्यावर सोडायचा, तिथल्या टपरीवर वडापाव खायचा आणि परत फिरायचा. उंबरठ्याच्या आत त्याला कोणी बोलावलं नव्हतं, आणि तोही बोलावल्याशिवाय जाणारा नव्हता.

माझी उतरायची सोय नेमकी वत्सलावहिनींकडेच केलेली. पंचांना गावात चांगल्या घरी ठेवतात. वहिनी मूळच्या घाटावरच्या, जावळीकडच्या. लग्न होऊन आंबेनळी उतरून खाली आल्या त्याला जमाना झाला, पण घाटावरच्या रीती त्यांनी सोडल्या नव्हत्या.

पहिल्या दिवशी सकाळी दिनेश काट्यावर चढला. एकोणसत्तर किलो पाचशे. उतरल्यावर त्यानं देवाला करावा तसा काट्याला नमस्कार केला. मग दिवसभर असा खेळला की काय सांगू. माईकवर गावचाच बाळू बोलत होता. त्याला कोण कोणाचा कोण लागतो ते सगळं माहीत, आणि पोटात एक गोष्ट राहील तर शपथ. दिनेश तिघांना बाद करून आला तसा बाळू ओरडला, "बघा रे बघा, आपल्या गावचा जावय हाय!" झालं. सगळं मैदान दर चढाईला "जावय! जावय!" करायला लागलं. दिनेशचा संघ अंतिम फेरीत पोचला. समोर यजमान गावाचाच संघ होता.

संध्याकाळी मी पाय धुऊन ओटीवर टेकतो न टेकतो तोच वत्सलावहिनी समोर उभ्या.

"मास्तर, धोंड्याचा महिना हाय."

त्या वर्षी मे महिन्यात अधिक मास आला होता. घाटावर या महिन्यात जावयाला बोलावून धोंडे करून घालतात. धोंडे म्हणजे पुरण भरलेले कणकेचे उंडे, वर तुपाची धार. लेकीच्या नवऱ्याला ते खाऊ घालणं हे मोठं पुण्य.

"हाय ना," मी म्हणालो.

"जावय गावात हाय. आख्खा गाव 'जावय जावय' बोंबलतोय. आणि तो शाळेच्या पडवीत काकडी खाऊन झोपनार. उद्या मी पान्यावर गेले की बाया काय बोलतील? तुम्ही जावा आणि बोलवून आना."

"मी? अहो, मी पंच."

"मंग तर बरंच. पंच गेला तर मान ऱ्हाईल."

गेलो. शाळेत दिनेश खरंच काकडी खात बसला होता. निरोप सांगितला तसा त्याच्या हातातली काकडी खाली आली. त्यांच्या संघाचा मॅनेजर तात्या हा पोलादपुरातला दुकानदार माणूस, तो ताडकन उठला. "नाय जायचा. दिन्या, उद्या फायनल हाय. त्या बाईनं मुद्दाम बोलवला आसंल. तिच्या गावाची टीम हाय समोर!"

दिनेश माझ्याकडे बघत राहिला. "सर, जाऊ काय?"

"मला विचारू नकोस रे. पंचानं खेळाडूला सल्ला द्यायचा नसतो."

"सात वर्षं फाट्यावर वडापाव खाल्लाय मी," तो म्हणाला. "जातो. थोडासाच खाईन."

थोडासाच! आमच्या भागात हा शब्द यजमानाच्या समोर टिकत नाही.

दारात मनीषा उभी होती. तिचा चेहरा बघून मला वाटलं, काटाबिटा सगळा जावा चुलीत. पानं मांडली. दिनेशशेजारी मी. आणि मग एक मजा सुरू झाली. वहिनी जावयाशी थेट बोलेनात. सात वर्षांची अढी, एका संध्याकाळी कशी सुटणार? सगळं माझ्यामार्फत.

"मास्तर, पाहुन्यांना विचारा, तूप वाढू का."

"दिनेश, तूप वाढू का?"

"सर, त्यांना सांगा, थोडासाच."

"वहिनी, थोडंसंच म्हणतो."

तुपाची वाटी उपडी झाली. पानात तीन धोंडे, शेजारी भाताची मूद, वरण, वालाचं बिरडं, कुरडई, आणि ताटाच्या कडेला अनारशांची चळत. मी आयुष्यभर वजनं घेतलेला माणूस. मला ताट दिसेना, आकडे दिसायला लागले. दिनेशनं पहिला धोंडा मोडला, तोंडात घातला, आणि त्याचे डोळे आपोआप मिटले. दोन महिन्यांत त्याच्या जिभेला गोडाचा कण लागला नव्हता. दुसऱ्या धोंड्याला मी खोकलो. तिसऱ्याला जरा जोरात खोकलो. पंचाला बोलता येत नाही, पण खोकायला बंदी नाही.

"मास्तरांना पानी द्या गो," वहिनी आत ओरडल्या. "आनि त्यांना सांगा, आमच्यात अर्ध्या पानावरून कोन उठत नाय."

दिनेश थांबला होता. पानात भात तसाच होता. त्याला पुरतं कळत होतं की हात इथंच आखडला तर सकाळी कदाचित निभावेल. त्यानं एकदा मनीषाकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला टेकून बोट चावत उभी होती. वहिनी हातात धोंड्यांचं पातेलं घेऊन भिंतीकडे बघत होत्या. मला आठवतंय, पुढचा धोंडा त्यांनी डावावर आधीच काढून धरला होता. ह्या बाईचं गावाच्या संघाशी काही देणंघेणं नाही, तिला हा पोरगा जेवायला हवाय, हे मला तेव्हा कळलं.

दिनेशनं माझ्याकडे न बघता सरळ मान वर केली. "आई, आनखी एक वाढा."



"एक काय, दोन घे रे," वहिनी म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानंतर माझी गरज संपली. मी मुकाट्यानं माझे धोंडे खाल्ले. किती ते विचारू नका, मी कुठल्याच वजनी गटात खेळत नाही.

सकाळी काटा मांडला. दिनेश आला तोच मुळी दबकत. सासूबाईंनी रात्री बोटात घातलेली अंगठी निघत नव्हती. चढला. आकडा फिरला, थांबला. बहात्तर किलो तीनशे.

"काटा बिघडला!" तात्या ओरडला.

मी तात्यालाच चढवलं. त्याचा आकडा बघून तो लगेच उतरला आणि काट्याविषयी पुन्हा बोलला नाही.

वजनाची वेळ संपेपर्यंत पुन्हा काट्यावर यायची मुभा असते. मग जे झालं ते बघायला अर्धा गाव जमला. दिनेशला दोन घोंगड्या गुंडाळून नदीच्या पुलावरून पळवला. तात्याच्या गाडीत काचा बंद करून हीटर लावून बसवला. हा घामानं आणि तात्या काळजीनं वितळायला लागला. न्हाव्याला आणून डोक्याचा चकोट केला. तोंडाला पाणी सुटून थुंकत राहावं म्हणून चिंच दिली. शेवटी तो काट्यावर चढला तेव्हा सोललेल्या शहाळ्यासारखा दिसत होता. एकाहत्तर किलो चारशे.

तात्या मला बाजूला घेऊन गेला. "सर, काल तुमी पन तिकडंच जेवलाव. अन्नाला जागा जरा."

खरं सांगतो, त्या दिवशी पहिल्यांदा मला माझं काम आवडलं नाही. दिनेश समोर उभा होता, ओला, टकला, आणि त्याच्या पोटात जे होतं ते कुठून आलं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं. पण वर्षानुवर्षं ज्या पोरांना मी पन्नास ग्रॅमसाठी रडवून परत पाठवलं होतं, तीही माझ्यासमोर उभी होती. मी आकडा मोठ्यानं वाचला आणि म्हणालो, "बाद."

तेवढ्यात गर्दीतून वत्सलावहिनी आल्या. हातात अनारशांचा डबा. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, तुझ्या जावयाला खेळवत नाहीत.

"काय झालं मास्तर? काय कमी पडलं त्याच्यात?"

"कमी नाही पडलं वहिनी. जास्त झालं. काल सकाळी एकोणसत्तर-पाचशे होता. आज बहात्तर-तीनशे भरला."

"म्हंजे किती वाढला?"

"दोन किलो आठशे."

"एका रात्रीत?"

"एका रात्रीत."

वहिनी दिनेशकडे बघत राहिल्या. तात्यानं डोळे मिटून घेतले. त्याला वाटलं आता रडारड होणार. मला वाटलं आता मला मार बसणार. वहिनींनी पदर खोचला, चार पावलं गेल्या आणि बाळूच्या हातातला माईक ओढून घेतला.

"आयका गो बायांनो," सगळ्या मैदानावर आवाज घुमला, "माझा जावय माझ्या घरी एकदाच जेवला. दोन किलो आठशे वाढला. मास्तरांनी काट्यावर मोजलाय!"

मैदानात जो हशा आणि टाळ्या झाल्या तशा त्या दिवशी फायनललाही झाल्या नाहीत. दिनेशचा संघ त्याच्याविना खेळला आणि दोन गुणांनी हरला. तो कडेला खुर्चीवर बसला होता, शेजारी सासूबाई. दर चढाईला त्या त्याच्या हातात एक अनारसा देत होत्या. "खा रे. आता कुनाला घाबरतोस?" वाडीचा चषक गेला याचं मला आजही वाईट वाटतं. तात्या तर मी त्याच्या दुकानात गेलो की अजून सुटे पैसे नाहीत म्हणतो.

मी निवृत्त झालो, पण काटा सुटला नाही. दर मे महिन्यात दिनेश आणि मनीषा गावी आले की वहिनींचा फोन येतो, "मास्तर, काटा घेऊन या." जावई आला त्या दिवशी त्याचं वजन घ्यायचं आणि निघायच्या दिवशी घ्यायचं. वाढलेलं दिसलं तरच बॅग उचलायची. नाही वाढलं तर दोन दिवस मुक्काम वाढला. आयुष्यभर मी लोकांना जास्त भरलं म्हणून घरी पाठवलं, आता कमी भरलं म्हणून एकाला अडवून ठेवतो.

दिनेश मोठा बेरकी. मुंबईला तो आता रोज भात खातो. पण गावी यायच्या आधी पंधरा दिवस कडक भात बंद. मग इथं येऊन पहिल्या दोन जेवणांतच तो असा काही वाढतो की वहिनी खूश, आणि हा वेळेवर कामावर हजर. ही युक्ती फक्त त्याला आणि मला ठाऊक. पंचाला सल्ला देता येत नाही, तसं गुपितही फोडता येत नाही.

यंदा निघायच्या दिवशी मी काटा मांडला. बॅगा ओटीवर, मनीषा तयार. दिनेश चढला. आकडा, तो गावी आला त्या दिवशी होता तोच, ग्रॅमचा फरक नाही.

"पुन्हा चढवा," वहिनी म्हणाल्या.

पुन्हा चढवला. तेवढाच.

"बघा, सुकला माझा जावय. मी सोडनार नाय," म्हणून वहिनी तांदूळ धुवायला आत गेल्याही.

मी काटा उचलता उचलता हळूच विचारलं, "काय रे, यंदा भात बंद करायला विसरलास वाटतं?"

दिनेशनं बॅग परत आत नेली, चपला काढल्या आणि ओटीवर मांडी घालून बसला.

"विसरलो नाय सर," तो म्हणाला. "यंदा रजा जास्त टाकून आलोय."